ट्रकची अ‍ॅल्युमिनियम डिस्क: दुरुस्त करायची की बदलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंबोलीच्या आमच्या शेडमध्ये दिवसभर टायर उतरतात-चढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुटक्या-फुटक्या डिस्कचे, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकाचे, फोटो येत राहतात. फोटोखाली प्रश्न बहुतेक एकच असतो: "चालेल का?" टँकर, बल्कर, लांब पल्ल्याचे ट्रेलर यांच्यावर अ‍ॅल्युमिनियम दिसायला लागलं तसे हे फोटो वाढले. लोखंडी डिस्कवर हात बसलेल्या माणसाचा अंदाज इथे नेमका उलटा पडतो, म्हणून ही उत्तरं एका जागी लिहिली. ती २२.५ इंची, ट्यूबलेस, फोर्ज केलेल्या (घडीव) डिस्कसाठी आहेत. कार आणि पिकअपवाल्यांनी प्रश्न १३ पाहावा.

१. माझी डिस्क अ‍ॅल्युमिनियमचीच आहे हे कसं ओळखू? चकचकीत तर दिसते.

चुंबक लावा. चिकटला तर लोखंड, मग वरून कितीही चमको. स्टीलचं चकचकीत कव्हर बसवलेलं असेल तर आतल्या बाजूने लावा. दुसरी खूण जाडीची: नट बसतात तिथे लोखंडी डिस्क साधारण बोटाच्या रुंदीएवढी, तर अ‍ॅल्युमिनियमची तिच्या दुपटीच्या आसपास जाड असते. उचलून पाहिलीत तर शंकाच उरत नाही. २२.५ × ८.२५ मापाची अ‍ॅल्युमिनियम डिस्क २० ते २४ किलोच्या घरात भरते, लोखंडी ३५ च्या पुढे.

२. एका वाक्यात सांगा, दुरुस्त होते की नाही?

कानशीने होत असेल तर होते, गॅसने होत असेल तर नाही. काठाची धार मोडणं, गंज घासणं, पॉलिश, व्हॉल्व्ह बदलणं ही कामं चालतात. चीर, वाक, लांबट झालेलं बोल्टचं भोक आणि आगीत सापडलेली डिस्क या चारांना दुरुस्ती नाही. बाकीचं पान म्हणजे या वाक्याची कारणं आणि अपवाद.

३. खड्ड्यात आपटून डिस्क वाकली. गॅसवर तापवून घणाने सरळ करून देतो म्हणतात. करू का?

नको. दिसायला सरळ होईल, पण ती मूळची डिस्क राहणार नाही.

या डिस्क ६०६१ नावाच्या मिश्रधातूच्या असतात. डिस्कला आकार दिल्यावर ती ५३० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात, पाण्यात झटकन विझवतात आणि मग १६० ते १७५ अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवतात. या अवस्थेला टी६ म्हणतात आणि सगळी ताकद तिथून येते. हाच धातू तापवून पूर्ण मऊ केला तर वाकण्याला विरोध करायची त्याची ताकद जवळपास एक पंचमांशावर येते. गॅसच्या ज्योतीखाली डिस्कचा तेवढा भाग काही मिनिटांत मऊ पडतो. आपले लोहार कोयत्याला पाणी देतात तसलाच हा प्रकार. पाणी उतरलेला कोयता कोयत्यासारखाच दिसतो, फक्त लाकडावर मारला की कळतो.

आणखी एक गोची आहे. लोखंड तापलं की लाल होतं, कारागीर रंगावरून ओळखतो. अ‍ॅल्युमिनियम लाल होतच नाही. हा मिश्रधातू ५८० ते ६५० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि तोपर्यंत रंग बदलून इशारा देत नाही. त्यामुळे तीस वर्षं गॅस हातात धरलेल्या माणसालाही आपण किती तापवलं हे सांगता येत नाही.

४. गॅस नको, मान्य. पण आर्गन वेल्डिंग तर अ‍ॅल्युमिनियमसाठीच असतं ना? लोखंडी डिस्क आम्ही वर्षानुवर्षं वेल्डिंग मारून चालवतोय.

आर्गनने अ‍ॅल्युमिनियम जुळतं, यात वाद नाही. पण टाक्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी तापून मऊ पडते. पुन्हा टी६ करायचं तर सगळी डिस्क भट्टीत घालून प्रश्न ३ मधला सगळा विधी करावा लागेल, आणि तेवढ्यात ती पिळवटून गोलाई घालवेल. एकही डिस्क कंपनी वेल्डिंगला परवानगी देत नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांतही चिरलेल्या, वाकलेल्या किंवा गंजाने खड्डे पडलेल्या डिस्क वापरू नका, बाजूला काढा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

एक डिस्क अजून डोळ्यासमोर आहे. एक टँकरवाले मामा टायर बदलायला आले होते. हाताच्या भोकाजवळ (डिस्कमधल्या मोठ्या खिडकीजवळ) आर्गनचा टाका इतका सफाईने घासून पॉलिश केलेला होता, की मला आधी दिसलाच नाही. पोऱ्याने नख फिरवलं तेव्हा कळलं. चीर दाखवणारा लाल डाय मारला, पुसला, पांढरा स्प्रे मारला. टाका स्वच्छ राहिला. पण त्याच्या कडेने, दोन्ही बाजूंना, केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटत गेली. टाका धरून होता, बाजूचं सोडत होतं. मामांनी ती डिस्क किती किलोमीटर चालवली होती ते विचारायचं मी टाळलं.

लोखंडी डिस्कचं म्हणाल तर तीही वेल्डिंग करून वापरू नये. चाललीय म्हणजे बरोबर होतं असं नाही.

५. न तापवता, थंडीच हायड्रॉलिक प्रेसवर सरळ केली तर?

इथे बरेच जण मला "आता काय अडचण?" विचारतात. अडचण ही, की वाकताना धातू एकदा ताणला गेला आणि सरळ करताना पुन्हा उलटा ताणला जातो. तार दोन-चारदा वाकवून तोडतो तसं. आत बारीक चिरा सुरू झाल्या तरी वरून दिसत नाहीत. ट्रकच्या डिस्कला मी हे करत नाही आणि कुणी केलेली डिस्क बसवतही नाही.

६. वाकली आहे की नुसतं चाक हलतंय, हे घरच्या घरी कसं पाहू?

गाडी जॅकवर घ्या, लाकडाच्या ठोकळ्यावर वेल्डिंगची काडी बांधून तिचं टोक डिस्कच्या काठाला जेमतेम लागेल असं ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसते. नेमकं माप हवं तर टायर उतरवून, टायर बसतो त्या पट्टीवर डायल गेज लावतात. पाऊण मिलिमीटरपर्यंत चालतं, त्याहून जास्त आऊट असेल तर डिस्क बाद.

पण डिस्क बाद ठरवायची घाई नको. "आऊट आहे" म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत टायर नीट बसलेला नसतो, किंवा हबवर (डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) गंजाची खपली राहिल्याने डिस्क तिरकी बसलेली असते. हब घासून डिस्क पुन्हा बसवा, मग मोजा.

७. चीर कुठे कुठे शोधायची? आणि ती ओरखडाच नाही हे कसं कळणार?

तीन जागा. हाताची भोकं, म्हणजे डिस्कमधल्या मोठ्या खिडक्या: इथली चीर बहुधा जास्त मालाची. दोन बोल्टच्या भोकांमधली जागा: इथली चीर बहुधा नट सैल राहिल्याची. आणि टायर बसतो तो आतला घेर, जो टायर उतरवल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून टायर बदलताना डिस्क धुऊन पाहायची सवय लावा. चिखलाखाली चीर सापडत नाही.

ओरखड्याला तळ असतो, नख अडकतं आणि तळ चमकतो. चिरेला तळ दिसत नाही. शंका असेल तर डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे मिळतात: एक सफाईचा, एक लाल, एक पांढरा. लाल मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा मारायचा. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग वर येतो. ठोकून आवाजावरून ओळखणारे जुने लोक आहेत. त्यांचा मान राखून सांगतो, बारीक चीर आवाजाला सापडत नाही.

चीर सापडली की लांबी मोजू नका. एक इंच असो की एक सेंटिमीटर, डिस्क गेली.

८. डिस्कचा काठ सुरीसारखा धारदार झालाय. बदलावी लागेल?

बहुतेक वेळा नाही, आणि कानशीचं खरं काम इथेच आहे.

रेडियल टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते-फुगते आणि डिस्कच्या काठाला घासते. मध्ये रस्त्याची बारीक वाळू. लोखंड तग धरतं, अ‍ॅल्युमिनियम झिजतं. टँकरवर हे जास्त, कारण आतला द्रव ब्रेकला पुढे आणि वळणावर बाजूला लोटतो, टायरला एका जागी दम नाही. झिजता झिजता काठावर पातळ, धारदार ओठ तयार होतो. तो हात कापतो, आणि टायरच्या बाजूवर गोल चीर पाडतो, जिचा दोष मग टायर कंपनीला दिला जातो.

टायर उतरवा. हातमोजे घाला (माझ्या डाव्या अंगठ्यावर हातमोजे न घातल्याची खूण आहे). कानशीने किंवा बारीक सँडरने फक्त धार मोडून काठ गोलसर करा, शेवटी पॉलिश पेपर मारा. धार गेल्यावर थांबायचं; उरलेला धातू सपाट करायच्या नादाला लागायचं नाही. मग डिस्क कंपनीचा झीज मोजायचा गेज काठावर चारही बाजूंनी लावा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. एका जागीही गेजने बाद दाखवलं तर बाद. एका कंपनीचा गेज दुसरीच्या डिस्कला चालत नाही.

९. पंक्चर नाही, तरी हवा रोज थोडी थोडी उतरते. डिस्क गेली का?

साबणाचं पाणी मारा आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहा. व्हॉल्व्हच्या बुडाशी आला तर व्हॉल्व्ह आणि त्याचं रबर बदला, भोकाभोवतीचा पांढरा गंज घासा. टायरच्या काठाने आला तर टायर उतरवून बसायची पट्टी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करा; गंजाने खोल खड्डे पडले असतील तर डिस्क बाद. धातूमधूनच बुडबुडा आला तर ती चीर आहे, प्रश्न ७.

त्यावर एम-सील लावणं किंवा आत ट्यूब घालणं हे दोन उपाय लोक हमखास सुचवतात. ट्यूब घातली की हवा उतरायची थांबते आणि चीर वाढत राहते. गळती हा डिस्कने दिलेला एकमेव इशारा होता, तोच बंद केला.

१०. बोल्टची भोकं थोडी लांबट झालीत, भोकापासून काळ्या रेघा दिसतात. बुश घालून किंवा भरून चालेल?

नाही. काळ्या रेघा म्हणजे नट सैल असताना डिस्क हबवर घासली. भोक लांबट झालं की डिस्क भंगारात, आणि त्या चाकाचे स्टडही (नट ज्यांवर कसतात ते बोल्ट) तपासून बदला, कारण तेही तितकेच हलले आहेत.

मूळ कारण बहुतेकदा कसण्यात असतं. एम२२ आट्यांच्या फ्लँज नटला ६०० न्यूटन-मीटरच्या थोडं वरचा टॉर्क (कसायचा जोर) लागतो. पान्याला पाईप लावून वर उडी मारणं हे माप नव्हे. त्यात एक नट कमी कसला जातो आणि शेजारच्याचा स्टड ताणला जातो. टॉर्कचा पाना वापरा, नट समोरासमोरचे घ्या, आणि डिस्क बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा कसा. पनवेलला बसवली तर खोपोली-लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी चहाला थांबाल तेव्हा.

११. घाटात ब्रेक जाम होऊन टायर जळाला. डिस्क धुतली तर चांगली दिसते. ठेवू?

ठेवू नका. बोरघाटाचा उतार असो की कशेडीचा, कारण प्रश्न ३ मधलंच आहे: आगीने टी६ उतरला. कधी डिस्क राखाडी-काळी पडते, स्टिकर करपून फुगतं; कधी काहीच दिसत नाही. टायर जळाला एवढा पुरावा पुरे. बेअरिंग जाम होऊन हब जळाला असेल तरी हेच.

नुसता ब्रेक तापल्याचा वास आला, टायर शाबूत, डिस्कचा रंग आणि स्टिकर जसंच्या तसं, तर डिस्क चालेल.

१२. अ‍ॅसिडने धुतल्यावर डाग पडले. पॉलिश करू, की पावडर कोटिंग मारून घेऊ?

डाग वरवरचे असतील तर पॉलिश करा, ताकद कमी होत नाही. पुढे साध्या साबणाने धुवा; अ‍ॅसिड एकदा चकाकी देतं आणि दर वेळी थोडा धातू खातं.

पावडर कोटिंग मात्र नको. ते भट्टीत बहुधा १८० ते २०० अंशांना भाजतात, म्हणजे डिस्कला टी६ देणाऱ्या भट्टीपेक्षा जास्त. शिवाय हबला टेकणाऱ्या बाजूवर रंगाचा जाड थर बसला की नट त्या थरावर कसले जातात. थर चेपला की नट सैल. पुढे प्रश्न १०.

१३. माझी पिकअप आहे, कारसारखी अ‍ॅलॉय व्हील्स. हेच नियम?

कारची बहुतेक अ‍ॅलॉय ओतीव असतात, ट्रकची घडीव. ओतीव चाक कमी वाकतं आणि लवकर चिरतं. ओरखडे, रंग, काठाचा खरवडा दुरुस्त करणारी दुकानं भरपूर आहेत आणि तेवढं काम ठीक. चीर आणि वेल्डिंगबाबत उत्तर तेच.

१४. एकच डिस्क गेली. तिथे लोखंडी बसवली तर चालते का? स्टेपनी तर लोखंडीच आहे.

माप, ऑफसेट (डिस्क हबवर किती आत-बाहेर बसते ते) आणि भार क्षमता जुळत असेल तर चालू शकते. जोडचाकात आत लोखंडी आणि बाहेर अ‍ॅल्युमिनियम असं कंपन्याही देतात. घोळ स्टडचा आहे. अ‍ॅल्युमिनियम जाड, म्हणून तिला लांब स्टड किंवा गळा असलेले स्लीव्ह नट लागतात. लोखंडी डिस्कच्या आखूड स्टडवर अ‍ॅल्युमिनियम बसवली तर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. नट पूर्ण कसल्यावर स्टडचं टोक बाहेर दिसलंच पाहिजे.

उलट बाजू जास्त फसवी. स्लीव्ह नटाची गाडी, रात्री पंक्चर, लोखंडी स्टेपनी लावली. नटाचा गळा पातळ डिस्कमधून आरपार जाऊन मागे टेकतो. पान्याला नट घट्ट लागतो आणि डिस्क मात्र मोकळी असते. अशा गाडीत लोखंडी स्टेपनीसाठी वेगळे नट एका पिशवीत बांधून टूलबॉक्समध्ये ठेवा, आणि ड्रायव्हरदादांना ते का आहेत हे दाखवून द्या.

१५. सेकंड हँड डिस्क अर्ध्या भावात मिळतेय. घेऊ?

टायर न चढवलेली, न रंगवलेली मिळत असेल तरच. रंग आणि ताजं पॉलिश खाली काय लपवतात ते प्रश्न ४ मध्ये आलंच. बोल्टचं वर्तुळ मोजा: दहा बोल्टचं ३३५ मिलिमीटरचं आणि अमेरिकी धाटणीचं २८५.७५ मिलिमीटरचं, दोन्ही बाजारात फिरतात आणि एकमेकांना बसत नाहीत. कोरलेलं माप, भार क्षमता आणि तारीख वाचता आली पाहिजे. ते घासून काढलेलं असेल तर उठून या.

१६. नवी घेण्यापेक्षा सगळ्या लोखंडीच करून टाकू? परवडतं का हे?

तुमचा माल वजनावर भरतो की जागेवर, यावर आहे. दहाचाकीला स्टेपनी धरून ११ डिस्क, प्रत्येकी १४ किलो वाचले तर दीडशे किलो. २०१८ मध्ये केंद्राने एक्सल लोड वाढवला तेव्हा तीन एक्सलच्या ट्रकची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली. दूध, डिझेल, सिमेंट भरणारे त्या मर्यादेला रोज टेकतात, त्यांना प्रत्येक फेरीला दीडशे किलो जास्त माल म्हणजे पैसा. कापूस, रिकामे ड्रम, थर्मोकोल भरणाऱ्याची गाडी वजनाआधी जागेने भरते. त्याने लोखंडी घेतल्या तर मी अडवणार नाही.

१७. इन्शुरन्समध्ये डिस्क मिळते का?

अपघातात गाडीसोबत गेली असेल तर धातूचा भाग म्हणून दावा करता येतो. घसारा गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, मग वाढत जाऊन पाच ते दहा वर्षांत ४० टक्के. टायरचा हिशोब वेगळा, तो ५० टक्के. झीज, गंज, जास्त मालाने पडलेली चीर यांचे पैसे मिळत नाहीत. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत तुटकी डिस्क हलवू नका.

१८. रस्त्यात चीर दिसली. सावकाश पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ का?

जाऊ नका, स्टेपनी लावा. पण नट सैल करायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाक असेल तर दोन्ही टायरची. आत ११०-१२० पीएसआय हवा असते आणि चिरलेल्या डिस्कला कधी कधी नटांनीच धरून ठेवलेलं असतं. नट सुटला की ती समोरच्या माणसाच्या दिशेने सुटते. हवा सोडताना चाकासमोर उभं राहू नका, बाजूला राहा.

१९. बाद झालेली डिस्क भंगारात देताना काही काळजी?

भाव चांगला येतो, अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाच्या कितीतरी पट मिळतो, त्यामुळे नव्या डिस्कचा थोडा खर्च सुटतो. मात्र आख्खी देऊ नका. आख्खी दिलेली डिस्क टाका मारून, घासून, चमकवून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर चढते. आमच्याकडे बाद डिस्कचा काठ ग्राइंडरने दोन ठिकाणी आरपार कापतात आणि मगच ती काट्यावर जाते. भंगारवाला कुरकुरतो, वजन मात्र तेवढंच भरतं.